अंगण खरंच वाकडं असेल तर?

जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. वसईला आमच्या गावच्या फेस्ताला तो हमखास लागतो. मागे ताणलेल्या कापडावर फुग्यांच्या ओळी, पुढे टेबलावर छर्ऱ्यांच्या दोन बंदुका. माझे काका दर वर्षी दहातले तीन फुगे फोडतात आणि बंदूक खाली ठेवताना म्हणतात, "नळी वाकडी आहे रे याची!" सगळे हसतात. स्टॉलवालाही हसतो. काकांच्या एकाग्रतेबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

हेच वाक्य शूटिंग रेंजवर एखाद्या चौदा वर्षांच्या मुलानं म्हणून बघावं. उत्तर ठरलेलं असतं : नाचता येईना, अंगण वाकडं.

माझी तक्रार या म्हणीबद्दल आहे. म्हण खोटी आहे असं मी म्हणत नाही. आपण सगळेच कधी ना कधी अंगणाला दोष देतो. पण अंगण तपासायची पद्धतच जिथे नसते, तिथे ही म्हण नाचणाऱ्याला गप्प बसवायच्या कामी येते, असं माझं मत आहे. हे मत पुस्तकातून आलेलं नाही. कुकटपल्लीतल्या एका तळघरात, ४.५ मिलिमीटरच्या एका नळीमुळे ते बनलं. म्हणून आधी त्या नळीबद्दल.

आमचं घर कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीत. पप्पा नोकरीसाठी वसईहून हैदराबादला आले आणि आम्ही तिथलेच झालो. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू आणि रिक्षात दखनी. नववीत असताना मी घराजवळच्या एका छोट्या रेंजवर एअर रायफल शिकायला लागले. चार लेनचं तळघर, भिंतीवर गगन नारंगचा फोटो. तो आमच्या हैदराबादचा, २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलचं ब्राँझ घेऊन आलेला. रविवारी मिस्सा आटोपला की मी थेट तिथे जायची. रेंजचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात थोडा वाटा माझाही आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे आकडे. टार्गेट दहा मीटरवर असतं. त्याच्या मधोमधचा दहाचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर. छर्रा स्वतःच साडेचार मिलिमीटरचा, त्यामुळे ठिपक्याला त्याची कड नुसती लागली तरी दहा मिळतात. त्यापुढे दशांश मोजतात आणि एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. यात ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर! पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली आपले दोन नेमबाज दहा मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत होते. अर्जुन बबुता ६३०.१ गुण मिळवून सातवा आला आणि अंतिम फेरीत गेला. संदीप सिंग ६२९.३ वर बारावा राहिला आणि बाहेर पडला. साठ गोळ्यांत मिळून फरक ०.८ गुणांचा. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर साठ गोळ्यांची चूक एकत्र केली, तरी दोन मिलिमीटर.

जिथे दोन मिलिमीटरवर ऑलिंपिकची फायनल ठरते, तिथे नळीत काय चाललंय हा प्रश्न किरकोळ नाही.

आता त्या मुलाबद्दल. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी गेले, तेव्हा रेंजवर हाताखाली मदत करत होते. छर्ऱ्यांचे डबे द्यायचे, कागदी टार्गेटं बदलायची, स्कोअर लिहायचा. त्या उन्हाळ्यात मुसापेटहून एक मुलगा यायचा. वडील ऑटो चालवायचे. स्वतःची रायफल असणं शक्यच नव्हतं. परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल काही लाखांत जाते. त्यामुळे तो क्लबच्या तीन नंबरच्या रायफलवर शिकायचा. पोरगा शांत, उभा राहायचा तो खांबासारखा. पण टार्गेटवर त्याचे छर्रे सगळीकडे विखुरलेले. एक दहा, पुढचा सात, मग नऊ, मग एकदम सहा.

सगळ्यांनी त्याला सल्ले दिले. श्वास सोड. ट्रिगर हळू दाब. रात्री मोबाइल बघू नकोस. मीही दिला. वहीत त्याच्या नावापुढे मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं, "एकाग्रता कमी पडते." दीड महिन्यानंतर तो यायचा बंद झाला. कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

जुलैमध्ये, मी परत निघायच्या आठवड्यात, रेंजवर एक चाचा आले. बालानगरच्या एका टूलरूममध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले. बालानगर आमच्या शेजारीच, तिथल्या कारखान्यांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब चालतो. मालकांनी त्यांना रायफली तपासायला बोलावलं होतं. चाचांनी तीन नंबरची रायफल उचलली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, नळीचं तोंड खिडकीकडे वळवलं आणि खिशातलं भिंग काढलं. मग कापसाचा बोळा कडेवरून फिरवला. एका जागी कापसाचा धागा अडकला.

"नली ज़ख़्मी है," ते म्हणाले.

मी म्हटलं, चाचा, एक मुलगा हिच्यावर खेळायचा, त्याचा नेम काही बसायचा नाही. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "पोट्टे कू नक्को बोलो बेटी, नली कू पूछो."

(दखनीतलं हे 'नक्को' आपल्या मराठीचंच. हैदराबादला गेलेलं मराठी शब्दाचं हे लेकरू मला नेहमी आवडतं. त्या दिवशी मात्र ते झोंबलं.)

मग नळीला खरोखरच विचारलं. चाचांनी लाकडाचे तुकडे लावून रायफल बाकावरच्या वाइसमध्ये घट्ट आवळली, दहा मीटरवर कागद लावला आणि हात न हलवता पाच छर्रे सोडले. पाच छर्रे पाच ठिकाणी गेले. मग एक नंबरची रायफल तशीच बांधली, तोच डबा वापरला. पाच छर्ऱ्यांचं मिळून एकच, थोडं मोठं भोक पडलं. वाइसला श्वास नसतो, मन नसतं, मोबाइलही नसतो.

काय झालं होतं? दोन गोष्टी. पहिली म्हणजे नळीत वर्षानुवर्षांचा शिशाचा थर. छर्रा शिशाचा, म्हणजे मऊ. त्याचा आकार डमरूसारखा : पुढे डोकं, मधे बारीक कंबर, मागे पातळ घेर. हवेच्या दाबानं हा घेर फुलतो आणि नळीच्या आतल्या पिळाच्या चरांना धरतो. त्या पिळामुळेच छर्रा स्वतःभोवती फिरत सरळ जातो. चरांत शिसं आणि मळ साचला की ही पकड प्रत्येक वेळी वेगळी बसते. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. कुणीतरी कधीतरी साफसफाईच्या उत्साहात लोखंडी सळई नळीच्या तोंडातून आत घातली होती आणि तोंडाची कड एका बाजूला चेपली होती. छर्रा बाहेर पडतो त्या क्षणी त्याच्या मागची हवा चारही बाजूंनी सारखी सुटायला हवी. कड एका जागी चेपलेली असली की हवा तिथून आधी सुटते आणि छर्ऱ्याला मागून तिरका धक्का बसतो. हा धक्का दहा मीटरवर दिसतो. आणि आम्ही त्या मुलाला श्वास सोडायला सांगत होतो.

चाचांनी त्या आठवड्यात मला नळी साफ करायला शिकवलं. ते इथे लिहून ठेवते, कारण आपल्या वाचकांत एनसीसीची मुलंमुली आहेत.

आधी रायफल रिकामी आहे ना ते पाहायचं, आणि पाहिलेलं असलं तरी पुन्हा पाहायचं. साफसफाई नेहमी छर्रा भरायच्या बाजूनं तोंडाकडे करायची, उलट कधीच नाही. छर्रा जिकडून जातो तिकडूनच मळ बाहेर गेला पाहिजे. लोखंडी सळईचं नाव काढायचं नाही. प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक दोरी नळीतून ओवायची, तिच्या टोकाला फेल्टची गुंडी किंवा सुती कापडाची चिंधी लावायची आणि एका दमात ओढून घ्यायची. पहिल्या गुंडीला नळीसाठीच्या पातळ तेलाचा एक थेंब पुरतो. पुढच्या कोरड्या. पहिली काळी येते, दुसरी करडी, चौथी-पाचवी जवळजवळ पांढरी. तिथे थांबायचं. तेल मागच्या रबरी रिंगपर्यंत जाऊ द्यायचं नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत तर जादा तेल घातकच : दाबलेली हवा तापते, त्यात तेल पेटतं आणि स्फोटासारखा आवाज येतो. बाहेरच्या लोखंडाला बोटांचा घाम लागलेला असतो, तो पुसून तेलाचा अगदी हलका हात फिरवायचा. वसई-मुंबईच्या दमट हवेत तर हे रोजचंच काम.

छर्ऱ्यांचंही तसंच. पाचशेचा डबा हातातून पडला की वरून काही दिसत नाही, पण आतले पातळ घेर चेपलेले असतात. असा डबा सरावाला ठेवावा, स्पर्धेला नाही. एकाच कंपनीच्या दोन खेपा एकाच नळीत वेगळ्या वागतात. डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५०, एवढ्यानंही फरक पडतो. म्हणून रायफल वाइसमध्ये बांधून खेप तपासतात आणि जी जुळते तिचे डबे घेऊन ठेवतात. आणि कृपा करून छर्रे तोंडात धरू नका. रेंजवरची लहान मुलं सर्रास धरतात. शिसं विषारी आहे. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय समोशाला हात लावायचा नाही, हा चाचांचा पहिला नियम होता.

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे सगळा दोष साधनाचाच? नाही. याचा दुसरा धडा मला पुढच्याच वर्षी मिळाला, आणि तो माझ्या खर्चानं. एका स्पर्धेच्या आदल्या रात्री मला झोप येईना. उठून मी नळी साफ केली. गुंडी पांढरी आली तरी थांबले नाही, आणखी दहा ओढल्या. सकाळी पहिल्या दहा गोळ्या कुठच्या कुठे गेल्या. अगदी कोरड्या केलेल्या नळीला पुन्हा शिशाचा हलका लेप बसावा लागतो. त्यासाठी दहा-वीस, कधी जास्तही छर्रे सोडावे लागतात. तोपर्यंत ती स्थिर होत नाही. हे मला माहीत होतं. पण आदल्या रात्री मी नळी साफ करत नव्हते, भीती पुसत होते. त्या दिवशी अंगण सरळ होतं, वाकडं मी केलं.

मग नळी किती दिवसांनी साफ करावी? यावर नेमबाजांचं एकमत नाही. कुणी रोज सरावानंतर करतं, कुणी काही शे छर्ऱ्यांनंतर. माझं मत असं की तारखेवर जाऊ नये, कागदावर जावं. प्रत्येक रायफलची एक वही असावी. महिन्यातून एकदा तिला वाइसमध्ये बांधून पाच छर्रे सोडावेत, कागद वहीत चिकटवावा. पसारा वाढलेला दिसला की साफ करावी, नाहीतर हात लावू नये. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण हेच करायचो. व्हर्नियर कॅलिपर हातात आला की आधी त्याची शून्य त्रुटी काढायची, मग मोजमाप. कॅलिपर न तपासता घेतलेलं रीडिंग सर फाडून टाकायचे. माणसांची रीडिंगं मात्र आपण खुशाल तशीच घेतो आणि वहीत लिहूनही ठेवतो.

मोठ्या खेळाडूंच्या बाबतीतही हे दिसतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, उरलेल्या गोळ्या घाईत माराव्या लागल्या. ५७५ गुणांवर ती बारावी आली. घरी टीव्हीपुढे बसून आपल्यापैकी कितीजण "दडपण घेतलं पोरीनं" म्हणून मोकळे झाले होते, आठवा. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं त्याच प्रकारात ब्राँझ घेतलं. अभिनव बिंद्राची गोष्ट याच्या उलट. २००८ साली बीजिंगमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावात त्याचा छर्रा मध्यापासून पार दूर गेला. रायफलची साइट हललेली होती. त्यानं ती हातात असलेल्या थोड्या वेळात पुन्हा जुळवली आणि पुढे सुवर्णपदक घेतलं. साइट हललीय हे इतक्या लवकर ओळखायला आपली रायफल रोजच्या ओळखीची असावी लागते. आणि तितकंच, आपला शब्द खरा मानायची सवय असावी लागते. बिंद्राकडे दोन्ही होतं. मुसापेटच्या मुलाकडे दोन्ही नव्हतं.

म्हणूनच मला हा प्रश्न फक्त तेलाचा आणि चिंध्यांचा वाटत नाही. ज्याची स्वतःची रायफल असते तो तिला जपतो, बिघडली की त्याला कळतं. क्लबची रायफल दहाजणांच्या हातात फिरते आणि कुणाचीच नसते. तिची नळी सगळ्यात शेवटी साफ होते, तिला पडलेल्या डब्यातले छर्रे मिळतात. तिच्यावर शिकतात ती मुलं, ज्यांना दुसरी घेणं परवडत नाही. मग त्यांचा स्कोअर कमी आला की आपण म्हणतो, जिद्द कमी पडली. साधनाचा दोष असा अलगद गरिबाच्या स्वभावात जमा होतो. रेंजवर होतं तेच कॉम्प्युटर लॅबच्या शेवटच्या ओळीतल्या मशीनवर होतं, वसतिगृहाच्या अंधाऱ्या अभ्यासिकेत होतं.

आपल्या गोष्टींचाही यात हात आहे. नेम म्हटला की आपल्याला अर्जुन आठवतो. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पक्ष्याचा डोळा. रेंजवर ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल! पण आपल्याच परंपरेत आणखी एक माणूस आहे, ज्याचं नाव कुणी घेत नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर आपल्या नाथांनी एकनाथी भागवत लिहिलं, अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात एक आहे शरकार, बाण घडवणारा. तो बाण सरळ करण्यात इतका गुंग असतो की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. एकाग्रतेचा धडा घ्यायला अवधूत धनुर्धराकडे गेला नाही, बाण सरळ करणाऱ्याकडे गेला. खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांना हळदकुंकू वाहतात, हैदराबादेत त्या दिवशी ऑटोंनाही झेंडूच्या माळा असतात. मला तो दिवस आवडतो. फक्त उरलेले दिवसही त्यात धरावेत.

आपल्या कॉलेजपुरत्या माझ्या मागण्या साध्या आहेत. जी साधनं सगळ्यांची म्हणून ठेवली आहेत, मग ती एनसीसीची रायफल असो, लॅबचा कॅलिपर असो की आपल्या मंडळाचा खरखरणारा माइक, त्या प्रत्येकाची एक वही असावी आणि तिच्यावर जबाबदार माणसाचं नाव असावं. नवशिक्याला सगळ्यात जुनं साधन द्यायची रीत बंद करावी, कारण चूक आपली की साधनाची हे त्यालाच ओळखता येत नाही. आणि कुणाच्याही नावापुढे "एकाग्रता कमी" असं लिहिण्याआधी एकदा वाइस वापरावा.

तो मुलगा मला पुन्हा भेटला. मुसापेटच्या ऑटो स्टँडवर विचारत विचारत गेले, तर तो एका मोबाइलच्या दुकानात कामाला लागला होता. चाचांनी तोवर त्या रायफलची कड पितळी स्क्रू आणि पॉलिशच्या पेस्टनं घासून सारखी केली होती. (हे घरी करू नका. त्यांचा हात चाळीस वर्षांचा आहे.) एका रविवारी तो आला, तीन नंबरवर दहा छर्रे मारले. एकही नऊच्या बाहेर गेला नाही. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अक्का, मैं इत्ते दिन मेरेमेच खराबी है बोलके समझा."

मी सॉरी म्हटलं. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुकानाची वेळ झाली म्हणून गेला. त्यानंतर तो आला नाही. त्याचा पगार घरात लागतो. वहीतली माझी ओळ मी खोडली, पण ती खोडून फक्त वही दुरुस्त झाली.